पुढचा मोबाइल कोणता? दुसऱ्या धन्याचाही विचार करू या



आंबिया बहाराचा माल विकला गेला, दिवाळीला बोनस हाती आला किंवा मुलीचा बारावीचा निकाल लागला, की आपल्या मोर्शी-वरूड भागातल्या घरोघरी एक प्रश्न निघतो : आता कोणता मोबाइल घ्यायचा? दुकानात गेल्यावर उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. एक जण कॅमेरा दाखवतो, दुसरा हप्त्याची सोय सांगतो, तिसरा म्हणतो, "सायेब, हाच घ्या, सध्या हाच चालू हाये." आपण अर्ध्या तासात दहा-पंधरा हजारांचा निर्णय करून बाहेर पडतो. तेवढ्याच पैशांची संत्र्याची कलमे घ्यायची असती, तर आपण चार रोपवाटिका पालथ्या घातल्या असत्या.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. मोबाइल घेतानाही असेच थोडे बसावे, यासाठी हा पाठ आहे. कोणत्या कंपनीचा घ्या हे यात सांगितलेले नाही. मॉडेले दर दोन महिन्यांनी बदलतात. विचारायचे प्रश्न मात्र बरेचसे तेच राहतात.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्या घरातल्या मोबाइलला बहुधा दोन धनी असतात. पहिले आपण. दुसरा धनी म्हणजे ज्याच्याकडे आपला जुना फोन जातो तो. घरातली आई, गावाकडचा भाऊ, वसतिगृहात शिकणारी मुलगी, किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीत काम करणारी एखादी ताई. आपण नवा घेतो तेव्हा जुना प्रेमाने त्यांना देतो. म्हणजे आज दुकानात आपण जे निवडतो, तेच तीन-चार वर्षांनी त्यांच्या हातात असते. तेव्हा तो फोन चालला नाही, तर त्यांचे काय काय अडते, हे महाराष्ट्राने एकदा चांगलेच पाहिले आहे.

१. परत केलेल्या मोबाइलची गोष्ट

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन सुरू केले. गावोगावच्या सेविका पिशव्यांत मोबाइल घेऊन प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि ते जमा करून आल्या. फुकट मिळालेली वस्तू कोणी परत करते का, असे अनेकांना वाटले. पण त्यांचे म्हणणे साधे होते.

ते फोन साधारण दोन वर्षांपूर्वीचे होते. त्यांची रॅम दोन जीबी होती. त्या काळच्या कामाला ते कसेबसे पुरत असतील. पण मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. बालकांची नावे, वजन, उंची, आहार, गरोदर मातांची माहिती, सगळे त्यात भरायचे. फोन तापू लागले, अडकू लागले, मध्येच बंद पडू लागले. वॉरंटी संपली होती, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करावा लागे. त्यातच ॲप इंग्रजीत होते. कमी शिकलेल्या सेविकेला एकेका शब्दासाठी कोणाची तरी मदत घ्यावी लागत होती. २०२३ च्या संपातही नव्या मोबाइलची मागणी पुढे होतीच.

या घटनेत आपल्यासाठी चार धडे आहेत. फोन घेतला त्या दिवशी तो चालतो का, एवढे पाहून भागत नाही. तिसऱ्या वर्षी नवे ॲप आल्यावर चालेल का, हे पाहावे लागते. दुरुस्ती कोण करणार आणि तिचा पैसा कोण देणार, हे आधी ठरवावे लागते. वापरणाऱ्याला वाचता येईल अशी भाषा लागते. आणि चौथा धडा मोठा आहे : फोन अडकला की फक्त फोनवालीचे अडत नाही. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर बालकाचे वजन घटले आहे, ही नोंद वर पोचायची तर तो फोन चालू हवा.

आपण सरकार नाही. पण आपण कोणाला जुना फोन देतो तेव्हा छोट्या प्रमाणावर हेच करत असतो.

२. पहिला प्रश्न : काऊन?

आपल्या वऱ्हाडात लहान पोरेही विचारतात, "काऊन?" नवा मोबाइल घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. नवा काऊन पाहिजे?

उत्तर बहुतेक वेळा तीनपैकी एक असते : बॅटरी टिकत नाही, फोन अडकतो, किंवा काच फुटली. या तिन्हींवर इलाज आहे आणि तो नव्या फोनपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

मोबाइलची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. ती झिजणारी वस्तू आहे, सायकलच्या टायरसारखी. पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. म्हणजे रोज चार्ज करणाऱ्याला दीड-दोन वर्षांत फरक जाणवू लागतो. टायर झिजला म्हणून कोणी सायकल विकत नाही. चांगली बॅटरी बसवून घ्यावी. मात्र बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल, तर फोन त्याच दिवशी बंद करावा, चार्जला लावू नये आणि कारागिराकडे न्यावा. त्यात आगीचा धोका असतो.

फोन अडकतो त्याचे कारण पुष्कळदा जागा भरलेली असते. दहा-बारा गटांवरून रोज येणारी सुप्रभातची चित्रे आणि व्हिडिओ आपोआप साठत राहतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' येथे जाऊन ती काढावीत आणि आपोआप डाउनलोड होणे बंद करावे. स्टोरेजचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. एवढ्याने अनेक फोन पुन्हा धावू लागतात.

हे करूनही भागत नसेल, बँकेचे ॲप चालेनासे झाले असेल किंवा कंपनीचे अपडेट बंद झाले असतील, तर नवा घेण्याला खरे कारण आहे. मग पुढचे प्रश्न विचारावेत.

३. कलम घेताना खुंट पाहतो, तसे

संत्र्याचे कलम घेताना जाणता शेतकरी वरच्या हिरव्या पानांवर भाळत नाही. तो विचारतो, खुंट कोणता? जंबेरी की रंगपूर लाइम? डोळा कुठून आणला? कारण बाग किती वर्षे टिकेल हे खालच्या खुंटावर अवलंबून असते, आणि चूक झाली तर ती पाच-सहा वर्षांनी कळते.

मोबाइलचा खुंट म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर अपडेट. मोबाइलमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात. कंपनी त्या बुजवण्यासाठी वेळोवेळी अपडेट पाठवते. ती किती वर्षे पाठवणार, हे मॉडेलगणिक ठरलेले असते. ती मुदत संपली की फोन दिसायला चांगला असतो, पण कुंपण पडलेल्या शेतासारखा असतो. आज आपली पेन्शन, आधारचा ओटीपी, यूपीआय आणि मुलांचे फोटो याच फोनमध्ये असतात, म्हणून हे महत्त्वाचे.

यात कंपन्यांमध्ये आणि मॉडेलांमध्ये मोठा फरक आहे. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. हे महागडे फोन झाले. पण त्यानंतर मध्यम किमतीच्या काही फोनांनाही पाच-सहा वर्षांचे वचन मिळू लागले आहे, तर त्याच किमतीच्या दुसऱ्या फोनला दोन-तीन वर्षांचेच असते. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला, की तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट द्यायचे आणि दुरुस्तीचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवायचे.

दुकानात दोन गोष्टी विचाराव्यात. एक, या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील? दोन, हे मॉडेल बाजारात कधी आले? कारण मुदत बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल, तर त्याची दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. आपल्या हातातल्या फोनचे पाहायचे असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' किंवा 'सिक्युरिटी' येथे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षापेक्षा जुनी असेल तर त्या फोनवरून पैशांचे व्यवहार न केलेले बरे.

४. जिथे वापरायचा, तिथे चालेल का?

मेळघाटात धारणी तालुक्यात हरिसाल हे गाव आहे. २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचे नाव गाजले. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिथे काम केले. टीव्हीच्या प्रसारणासाठी राखीव पण रिकाम्या असलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग झाला, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सोय केली गेली. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात, तिथे प्रत्यक्षात किती चालते यावर जाहीर वाद झाला. त्या वादात आपल्याला पडायचे नाही. पण परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीपर्यंत ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे, की घाट लागला की फोनवरच्या रेषा एकेक करून कमी होतात. तिथे फोन कितीही भारी असला तरी रेंज नसेल तर तो घड्याळ आणि टॉर्च एवढ्याच कामाचा.

म्हणून फोन घेण्याआधी, तो जिथे वापरायचा त्या गावात कोणाचे नेटवर्क लागते हे विचारून घ्यावे. मोर्शीच्या चौकात मिळणारी रेंज सालबर्डीच्या डोंगराआड मिळेलच असे नाही.

थोडी तांत्रिक पण उपयोगी गोष्ट. नेटवर्कच्या लहरी वेगवेगळ्या वारंवारतेच्या असतात. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि झाडी-भिंतींतून बऱ्या पोचतात. बीएसएनएलच्या ४जी साठी ७०० मेगाहर्ट्झची वारंवारता वापरली जाते, तिला 'बँड २८' म्हणतात. देशी बनावटीच्या या ४जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, आणि जिथे नेटवर्क नव्हते अशा दुर्गम गावांत टॉवर उभारणे हा या कामाचा मोठा भाग आहे. फोन जंगलपट्ट्यात वापरायचा असेल किंवा पुढे तिकडे द्यायचा असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात ४जी बँडांच्या यादीत २८ आहे ना, हे पाहून घ्यावे. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची यादी असते. गावात अजून ५जी पोचलेले नसेल, तर केवळ ५जी साठी दोन-तीन हजार जास्त मोजण्याआधी विचार करावा. पाच वर्षे वापरायचा असेल तर मात्र ५जी घेतलेले बरे.

भाषेचेही असेच. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठी-हिंदीपेक्षा अगदी वेगळी भाषा. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून अधिक होते. मोबाइलच्या मेनूत मराठी आहे, हिंदी आहे, कोरकू नाही. त्यामुळे कोरकू घरातली आजी फोन वाचत नाही, ऐकते आणि बोलते. तिला मुलाचा आवाज पाठवायचा असतो, व्हिडिओवर नातवंडाला पाहायचे असते. अशा घरासाठी मोठ्या आवाजाचा स्पष्ट स्पीकर आणि चांगला माइक हे कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचे. दुकानातच एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ऐकावा. पैसे लागत नाहीत.

५. खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

रॅम : आजच्या कामाला चार जीबी ही खालची पायरी आहे, चार-पाच वर्षे काढायची तर सहा जीबी किंवा आठ जीबी घ्यावी. जाहिरातीत '८ जीबी + ८ जीबी' असे लिहिलेले असते, त्यातली खरी रॅम पहिलीच. दुसरी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते, तिचा वेग खऱ्या रॅमइतका नसतो.

स्टोरेज : ६४ जीबी लवकर भरते, कारण त्यातला बराच भाग फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरनेच व्यापलेला असतो. शक्य असेल तर १२८ जीबी घ्यावी. मेमरी कार्डाची सोय असेल तर उत्तम.

कॅमेरा : ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या फोटोसाठी चार-चार ठिपके एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आकडा मोठा म्हणून फोटो चांगला, असे नसते. दुकानातल्या सावलीत एखाद्या कागदाचा फोटो काढून अक्षरे वाचता येतात का पाहावे. सातबारा, आधार, रुग्णालयाची चिठ्ठी यांचे फोटो हेच आपले खरे काम.

जीपीएस : शेतकऱ्याने हे विसरू नये. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून आपल्या पिकाची नोंद फोटोसह आपणच करायची असते. फोन जागा चुकीची दाखवू लागला तर नोंद अडते, आणि नोंद नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी त्रास होतो. फोन घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच तो शेतात नेऊन नकाशावर जागा बरोबर दाखवतो का, हे तपासावे.

बॅटरी आणि ऊन : ५,००० एमएएच किंवा त्याहून अधिक असावी. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. ॲपलसारख्या कंपन्या आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. म्हणून कोणताही फोन असला तरी उन्हाळ्यात मोटारसायकलच्या हँडलवर, खिडकीत किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नये. उष्णता ही बॅटरीची पहिली वैरी आहे.

६. किंमत आणि वर्षे

समजा, ९,००० रुपयांचा एक फोन दोन वर्षांत निकामी होतो. वर्षाला ४,५०० रुपये पडले. दुसरा फोन १५,००० रुपयांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्यात १,५०० रुपयांची बॅटरी टाकली आणि तो पाच वर्षे चालला. एकूण १६,५००, म्हणजे वर्षाला ३,३०० रुपये. महाग वाटलेला फोन स्वस्त पडला. शिवाय त्याची शेवटची दोन वर्षे दुसऱ्या धन्याच्या उपयोगी पडली.

याचा अर्थ जास्त किमतीचा नेहमी चांगला, असा नाही. पंचवीस हजारांच्या फोनचे अपडेटही लवकर संपू शकतात. किंमत आणि वर्षे एकत्र पाहावीत. आणि ज्याची ऐपत १५,००० ची नाही त्याने कर्ज काढून घ्यावा, असाही अर्थ नाही. त्याच्यासाठी चांगल्या स्थितीतला वापरलेला फोन हा खरा मार्ग आहे. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

हप्त्यांबद्दल सावध राहावे. 'बिनव्याजी हप्ता' असे म्हटले तरी पैसे उसने देणारा काहीतरी घेतोच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना अशा शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बजावले होते, कारण व्याज कुठल्या ना कुठल्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते : प्रक्रिया शुल्काच्या नावाने, नाहीतर रोखीची सवलत न देऊन. म्हणून एकच प्रश्न विचारावा, "रोख दिले तर किती?" दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत. फरक म्हणजेच व्याज.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिलेला असावा. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर फोन घेणारा वॉरंटीही गमावून बसतो. त्या कंपनीचे सेवा केंद्र मोर्शीत, नाहीतर अमरावतीत आहे का, तेही विचारावे. तक्रार निवारली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

७. वापरलेला फोन घेताना

वापरलेला फोन घेण्यात कमीपणा नाही. पण चोरीचा माल आपल्या हाती येऊ नये. फोनवर *#०६# असे दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, मोकळी जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोनचे मॉडेल आणि त्याची स्थिती कळते. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर, जे मे २०२३ मध्ये सुरू झाले, हीच तपासणी करता येते. आपला फोन हरवला तर तो बंद पाडण्याची सोयही तिथेच आहे. त्यासाठी बिल आणि आयएमईआय जपून ठेवलेले असावेत. आजच तो क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

८. जुना फोन देताना

आता दुसऱ्या धन्याकडे येऊ. आपल्याकडे जुना फोन देण्याची रीत अशी असते : सिमकार्ड काढले, फोन दिला, झाले. मग तो फोन तिकडे जाऊन कुलूपबंद पेटीसारखा पडून राहतो. याचे कारण बहुतेकांना माहीत नसते. अँड्रॉइड फोनमध्ये मूळ मालकाचे गुगल खाते तसेच ठेवून फोन बटणे दाबून कोरा केला, तर तो पुन्हा सुरू करताना त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे; पण त्यामुळे आपल्या प्रेमाच्या भेटीचाही दगड होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा :

पहिले, फोटो आणि संपर्क नव्या फोनवर घ्यावेत आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा. दुसरे, यूपीआय आणि बँकेची ॲपे नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करून जुन्यावरून काढावीत. तिसरे, सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' येथे जाऊन आपले गुगल खाते काढावे. चौथे, त्यानंतरच सेटिंगमधून 'फॅक्टरी रिसेट' करावे. पाचवे, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. सहावे, फोन एकदा सुरू करून पाहावा. पासवर्ड न मागता 'स्वागत' आले म्हणजे तो खरोखर दुसऱ्याचा झाला.

देताना सोबत चालणारा चार्जर द्यावा. बॅटरी थकलेली असेल तर ती बदलूनच द्यावी. काच तडकलेली असेल तर बदलून द्यावी. फोनचे बिल द्यावे, म्हणजे पुढे हरवला तर त्यांना तक्रार करता येईल. भाषा मराठी किंवा हिंदी करून द्यावी आणि अक्षरे मोठी करावीत. देण्याआधी शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती फार जुनी असेल तर स्पष्ट सांगावे, "हा अभ्यासाच्या व्हिडिओला, बोलायला, फोटोला चालेल, यावर बँकेचे काम करू नका." दान देतानाही खरे सांगितलेच पाहिजे. आपल्याला नको झालेली वस्तू आणि दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू यांत अंतर असते. ते अंतर भरून काढायला बहुधा हजार-दीड हजार रुपये आणि एक संध्याकाळ लागते.

अगदीच निकामी फोन कोणाला देऊ नये आणि कचऱ्यातही टाकू नये. बॅटरी दाबली गेली किंवा जाळली गेली तर पेट घेते आणि त्यातली द्रव्ये माती-पाण्यात उतरतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणे अधिकृत पुनर्वापर केंद्रांकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात ती जमा करता येतात.

९. फोन येतो कुठून

शेवटी एक विचार. मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगातल्या कोबाल्टचा निम्म्याहून बराच जास्त हिस्सा आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या काही खाणींत लोक हाताने खणतात आणि त्यांत लहान मुलेही राबताना आढळली आहेत. त्या मुलांना आपण पाहिलेले नाही. पण डोंगरातल्या माणसाच्या श्रमावर आणि जमिनीवर दूरच्या शहरांची सोय उभी राहते, ही गोष्ट आदिवासी भागाशी नाते असलेल्या आपल्या वाचकांना नवी नाही.

एक स्मार्टफोन त्याच्या आयुष्यात पर्यावरणावर जो भार टाकतो, त्यातला बहुतांश तो बनवतानाच पडलेला असतो, वापरताना थोडाच. म्हणून एक फोन दोन वर्षे जास्त चालवणे हे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात मोठे काम आहे. त्यासाठी घेताना खुंट पाहावा, वापरताना जपावे आणि देताना नीट करून द्यावे. एवढे केले की "कोणता मोबाइल घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर आपोआप जवळ येते : जो माझ्या कामाला पुरेल, माझ्या गावात चालेल, मोर्शीत दुरुस्त होईल आणि माझ्यानंतर दुसऱ्याच्याही कामी येईल, तो.

घरी व मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात न वापरलेले किती मोबाइल कपाटात पडून आहेत? त्यांतले किती थोड्या दुरुस्तीने कोणाच्या तरी उपयोगी पडतील?

२. मागच्या वेळी आपण मोबाइल का बदलला? 'काऊन?' या प्रश्नाचे आज आपण काय उत्तर देऊ?

३. आपल्या फोनच्या शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख काय आहे? सगळ्यांनी आत्ताच उघडून पाहावी. तरुणांनी वडीलधाऱ्यांना मदत करावी.

४. आपण शेवटचा जुना फोन कोणाला दिला? तो अजून चालतो का, हे त्यांना विचारले का?

५. अंगणवाडी सेविकांनी मोबाइल परत केले, त्या प्रसंगातून देणाऱ्याने काय शिकावे आणि घेणाऱ्याने काय?